रेस्क्यू केलेल्या प्राण्यांच्या सोबतीनं लिहिताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात रेस्क्यू केलेले दोन कुत्रे आणि एक मांजर, शिवाय दत्तक जाईपर्यंत सांभाळायला आणलेली पिल्लं अधूनमधून असतातच. प्रश्न विचारणाऱ्या बाई कथा लिहितात, काही छापूनही आल्या आहेत. त्यांचं म्हणणं, 'लिहायला बसलं की कुणीतरी ओकतं, कुणीतरी दार खरवडतं. आणि याच प्राण्यांवर लिहायला घेतलं की मजकूर रडका होतो, संपादक परत पाठवतात. प्राण्याच्याच तोंडून गोष्ट सांगू का? की हा विषय मला फार जवळचा आहे म्हणून सोडूनच देऊ?'

सोडू नका. मी बरीच वर्षं अशाच गोतावळ्यात बसून लिहिते आहे, मुलांसाठी आणि मोठ्यांसाठीही, आणि माझ्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात घरातलं कुणीतरी चारपायी येऊन गेलेलं आहे. रडकेपणाचा दोष जवळिकीवर टाकू नका. तो कुठून येतो ते आधी बघू. वेळेचं नंतर, ते त्या मानानं सोपं आहे.

रेस्क्यू केलेला प्राणी आपल्या आयुष्यात गोष्टीच्या मध्यावर येतो. त्याची आई कोण, तो कुठं वाढला, पाय कशानं मोडला, यातलं काहीच आपल्याला ठाऊक नसतं. आणि आपण पडलो लिहिणारे. रिकामी जागा दिसली की ती भरल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. कुत्रा झाडू बघून कोपऱ्यात शिरला, की आपण मनातल्या मनात एक दुष्ट माणूस उभा करतो, त्याच्या हातात झाडू देतो, आणि त्यानं या मुक्या जिवाला किती झोडपलं असेल या विचारानं आपलेच डोळे भरून येतात. मग आपण लिहितो ते त्या दुष्ट माणसाबद्दल आणि आपल्या भरलेल्या डोळ्यांबद्दल. कुत्रा कोपऱ्यातच राहतो.

तो माणूस कधी अस्तित्वात होता की नाही, हेही सांगता येत नाही. कुत्र्याच्या पिल्लाच्या वाढीत साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार नाजूक असतो. या दिवसांत जे पाहिलं, ऐकलं, हुंगलं ते ओळखीचं होतं. जे राहून गेलं त्याची भीती पुढे आयुष्यभर वाटू शकते. मांजरांत हा काळ आणखी आधी येतो आणि लवकर संपतो, ढोबळमानानं दुसरा ते सातवा आठवडा. एखादं पिल्लू या काळात ओसाड जागी वाढलं, त्यानं घराचा आतला भाग पाहिलाच नाही, तर ते झाडूला घाबरेल, छत्रीला घाबरेल, हेल्मेट घातलेल्या माणसाला आणि पंख्याच्या आवाजालाही घाबरेल. त्यासाठी कुणी मारलेलं असण्याची गरज नाही. मारलेलं असूही शकतं. माझा मुद्दा एवढाच की आपल्याला ते माहीत नाही, आणि माहीत नसताना माहीत असल्यासारखं लिहिलं की वाचकाला ते कुठंतरी खोटं लागतं. त्याला कारण सांगता येत नाही. तो 'भावुक' म्हणून मोकळा होतो.

रेस्क्यू केलेल्या प्राण्यांकडून लेखकाला जर काही मिळत असेल तर माझ्या मते ते हेच आहे. न कळणाऱ्या भूतकाळाशेजारी रोज बसायचं, आणि तो आपल्या मनानं रचायचा नाही. विषय, व्यक्तिरेखा, गमतीदार प्रसंग हे सगळं मिळतं, पण ते कुठल्याही घरात, कुठल्याही नातेवाइकांकडून मिळेल.

उदाहरण देते. पहिला मजकूर असा: 'त्याच्या डोळ्यांत साऱ्या जगाचं दुःख साठलं होतं. माणसांनी दिलेल्या जखमा त्याच्या शरीरापेक्षा मनावर अधिक खोल होत्या.' आता दुसरा: 'ताटली ठेवून मी बाहेर गेले की तो खायचा. मी दारात उभी असले तर ताटलीकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा आणि भिंतीला चिकटून बसायचा. एकदा मी दारातच त्याच्याकडे पाठ करून बसले. बऱ्याच वेळानं मागून चघळल्याचा आवाज आला.' दुसऱ्या उताऱ्यात दुःख हा शब्द नाही, जखम नाही, डोळे तर नाहीतच. पण तिथं दोघं जण आहेत, दोघांना काहीतरी हवं आहे, आणि शेवटाला येईपर्यंत त्यांच्यात काहीतरी बदललं आहे. म्हणजे ती गोष्ट झाली. पहिला उतारा कितीही वाढवला तरी गोष्ट होणार नाही, कारण त्यात घडायला काही जागाच ठेवलेली नाही.

याच सवयीचा दुसरा भाग म्हणजे चेहरे वाचण्याची घाई. कुत्रा 'अपराधी' दिसतो, हे आपण किती सहज लिहितो! अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेनं २००९ साली याच गोष्टीवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्याला खाऊ खायला मनाई करून मालक खोलीबाहेर जायचा. परत आल्यावर कुत्र्यानं खाऊ खाल्ला की नाही हे त्याला संशोधक सांगायचे, कधी खरं तर कधी खोटं. कान पाडणं, नजर चुकवणं, शेपूट आत घेणं, हे सगळं कुत्र्यानं खाऊ खाल्ला होता की नाही यावर अवलंबून नव्हतं. मालक रागावला की ते दिसायचं. उलट ज्यांनी खाऊला तोंडही लावलं नव्हतं त्यांना रागावलं, तर तो 'अपराधी' चेहरा अधिकच ठळक दिसला. म्हणजे जिथं आपण पश्चात्ताप लिहितो तिथं समोरचं जनावर आपल्याला वचकून असतं. या एका गोष्टीवर एक अख्खी कथा उभी राहील. आणि ती कुत्र्यापेक्षा घरातल्या माणसांबद्दल जास्त असेल.

अशी उदाहरणं कितीतरी आहेत. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश आहे असं धरू नका. ताठ, उंच धरलेली शेपूट बारीक थरथरत हलत असेल तर मी हात मागे घेते. मांजर दुखण्यातही घुरघुरतं, मरायला टेकलेलं असतानाही. झोप आलेली नसताना जांभई, समोर खायला नसताना ओठ चाटणं, तोंड फिरवून डोळ्याच्या कडेनं बघताना दिसणारा बुबुळाभोवतीचा पांढरा भाग, ही कुत्र्याची 'मला हे नको आहे' म्हणायची रीत. मांजरांबद्दल २०२०मध्ये एक छान अभ्यास आला: माणसानं सावकाश डोळे मिटून उघडले तर मांजरंही डोळे बारीक करून उत्तर देतात आणि अनोळखी माणसाजवळही यायला अधिक तयार होतात. हे घरी करून बघा. आणि पुढच्या कथेत मांजरीनं नायिकेच्या मांडीवर उडी मारण्याऐवजी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून नुसते डोळे मिटले तर काय होतं, तेही लिहून बघा.

नवीन आलेल्या प्राण्याबद्दल पाहुणे म्हणतात, 'किती शहाणं आहे, कोपऱ्यात गुपचूप बसून असतं.' ते शहाणं नसतं, गोठून गेलेलं असतं. काही आठवड्यांनी धीर आला की तेच जनावर उशा फाडतं, खिडकीत उभं राहून भुंकतं, आणि घरचे लोक म्हणतात, आधी किती चांगला होता, आता बिघडला. रेस्क्यूच्या कामात लोक 'तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने' असा एक ठोकताळा वापरतात: धास्ती कमी व्हायला, दिनक्रम कळायला आणि घर आपलं वाटायला लागणारा वेळ. हा शास्त्रीय नियम नव्हे, प्रत्येकाचं गणित निराळं असतं. पण कथेच्या वेगाचा विचार करताना मला याचा फार उपयोग झाला. आपल्या व्यक्तिरेखा पहिल्या पानावर जशा वागतात तसा त्यांचा स्वभाव असतोच असं नाही. तो त्यांचा धास्तावलेला अवतार असू शकतो.

आता तुम्हाला एक काम सुचवते. गमतीनं नाही. तुम्ही ज्यांच्यासाठी पिल्लं सांभाळता, त्यांना सांगा की दत्तक द्यायच्या प्राण्यांची माहिती लिहायचं काम मी करते. मी हे फार काळ केलं आहे आणि कुठल्याही लेखन-कार्यशाळेपेक्षा त्यानं मला जास्त शिकवलं. साधारणपणे ही माहिती कशी असते? 'मला घर द्याल का? माझी आई गाडीखाली गेली. मला या जगात कुणीच नाही. मी खूप गोड आहे.' हे वाचून फोन भरपूर येतात, पण ते दयेपोटी येतात, आणि दया पहिली चप्पल कुरतडली जाईपर्यंतच टिकते. मग ते पिल्लू परत येतं, थोडं मोठं झालेलं, म्हणजे दत्तक जायला अधिक अवघड झालेलं.

त्याऐवजी हे बघा: 'काळा-पांढरा बोका, वय अंदाजे २ वर्षं, नसबंदी आणि लसीकरण झालेलं. उचलून घेतलेलं आवडत नाही, पण आपण बसलो की शेजारी येऊन बसतो. इतर मांजरांशी पटतं. घरात कुत्रा असेल तर नको. पहाटे ओरडून उठवतो. डाव्या डोळ्यानं दिसत नाही, त्यामुळे त्या बाजूनं अचानक हात लावू नये.' यावर फोन कमी येतील. पण जो येईल तो पहाटे उठणाऱ्या, एकट्या, कुणी सारखं अंगाशी आलेलं न आवडणाऱ्या माणसाचा असण्याची शक्यता बरीच आहे, आणि बोका तिथं टिकेल.

हे लिहिताना मनासमोर प्राण्याइतकंच वाचणाऱ्याचं घर ठेवावं लागतं. तिथं लहान मूल आहे का, जिना आहे का, दिवसभर कुणी असतं का. 'गोड', 'निरागस', 'प्रेमळ' ही विशेषणं इथं एका दमडीच्या कामाची नाहीत, कारण ती सगळ्यांनाच लागू पडतात. 'डावीकडून हात लावू नये' हे एकालाच लागू पडतं. अवगुण लपवले तर प्राणी परत येणार, आणि नुसते अवगुणच मांडले तर कुणी नेणारच नाही, त्यामुळे कुठला तपशील आधी आणि कुठला नंतर याचा विचार करावा लागतो. 'पहाटे ओरडतो' हे वाक्य मी कधीही सुरुवातीला घेणार नाही. पण गाळणारही नाही. कथेत व्यक्तिरेखा उभी करताना यापेक्षा वेगळं काय करतो आपण? तुमच्या परत आलेल्या कथांपैकी एक घ्या, तिच्यातल्या कुत्र्याची अशी शंभर शब्दांची माहिती लिहायचा प्रयत्न करा. लिहिता आली नाही, तर कथेत कुत्रा नाहीच, नुसती कणव आहे.

आता वेळ. कुणीतरी ओकणार आणि कुणीतरी दार खरवडणार, यावर उपाय नाही. लिहिण्याचे प्रकार मात्र वाटून घेता येतात. डोळे न उघडलेली मांजराची पिल्लं घरात असतात तेव्हा दर दोन-तीन तासांनी उठावं लागतं, रात्रीसुद्धा. त्यांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, म्हणून आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाच्या तोंडात दूध घालायचं नाही, ते पचत नाही आणि जिवावर बेततं. दूधही गाईचं नको, मांजरांच्या पिल्लांसाठी मिळतं ते. पाजताना पालथं धरायचं, माणसाच्या बाळासारखं उताणं नाही, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. पाजून झालं की ओल्या कापसानं पुसून शी-शू करवायची, कारण पहिले तीन आठवडे ते त्यांना आपलं आपण जमत नाही. मग वजन. जन्मतः जेमतेम १०० ग्रॅम असलेल्या पिल्लाचं वजन रोज साधारण १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं. वाढलं नाही तर त्याच दिवशी डॉक्टर.

अशा दिवसांत कादंबरीचं नवं प्रकरण लिहायला बसणं म्हणजे स्वतःचा छळ. नवं लिहायला जी सलग शांतता लागते ती दोन पाजण्यांच्या मधे मिळत नाही. पण जुन्या मजकुरावरून हात फिरवणं जमतं. संवाद मोठ्यानं वाचून तपासणं जमतं, पिल्लांना त्याचं काही वाटत नाही. मुद्रितं तपासायला तर हे दिवस उत्तम. मोठं, नवं काम मी पिल्लं दत्तक गेल्यावर आणि पुढची यायच्या आधी काढते, आणि तो काळ राखण्यासाठी 'आत्ता नाही' असं स्पष्ट सांगते. रोजच्या कुत्र्या-मांजरांचं वेळापत्रक लेखकाच्या सोयीचंच असतं, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. मांजरं पहाटे आणि संध्याकाळी सगळ्यात जागी असतात आणि दिवसाचा बराचसा भाग झोपतात. पहाटेच्या खेळानंतर आणि खाण्यानंतर जी झोप लागते, ती माझी लिहायची वेळ. दार बंद करून लिहायचा हट्ट मी सोडला. बंद दाराइतकं मांजराला कशाचंच कुतूहल नसतं.

नवीन प्राणी आला की त्याला किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावं लागतं, हे तुम्हाला माहीतच आहे. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गाचा विषाणू जमिनीवर आणि वस्तूंवर महिनोन्महिने टिकतो, आणि नेहमीच्या हात धुण्याच्या सॅनिटायझरनं मरत नाही. माझ्याकडे ती वेगळी खोली म्हणजे लिहायची खोली. याचा अनपेक्षित फायदा असा की घाबरलेल्या प्राण्याला ज्याची गरज असते, म्हणजे एक माणूस जो त्याच खोलीत आहे, पण आपल्याकडे बघत नाही, काही मागत नाही, एका जागी बसून कंटाळवाणं काहीतरी करतो आहे, तो माणूस म्हणजे लेखक! मी तासन्‌तास टंकत बसते आणि पलंगाखालचा जीव हळूहळू बाहेर येतो. कुत्र्यांना ऐकवून वाचायचं असेल तर तेही चालतं. सपाट, शांत आवाजाची त्यांना सवय होते, आणि कुठलं वाक्य अडखळतं ते आपल्याला कळतं.

नोंदवही ठेवता का? प्रत्येक पाजणं, वजन किती ग्रॅम, औषध, शी कशी झाली, किती वाजता. नसाल ठेवत तर आजच सुरू करा, डॉक्टरांसाठी म्हणून. तिचा लेखनाला होणारा उपयोग आपोआप होतो. घटनेच्या वेळी लिहिलेली ओळ आणि महिन्यानं आठवून लिहिलेली ओळ शेजारी ठेवून पाहा. आठवणीत पिल्लू 'मृत्यूशी झुंजत होतं'. वहीत लिहिलेलं असतं, 'रात्री २. चाटलं नाही. सिरिंजनं १ मिली. जीभ गार.' मला कथेसाठी नेहमी वहीतली जीभ उपयोगी पडली आहे.

प्राण्याच्या तोंडून गोष्ट सांगू का, असं विचारलंत. सांगा, पण फुकटात काही घेऊ नका. ॲना स्यूएल या इंग्रज लेखिकेची 'ब्लॅक ब्यूटी' ही कादंबरी १८७७ साली आली, ती घोड्याच्याच तोंडून सांगितलेली आहे. बाईंना चौदाव्या वर्षी झालेल्या दुखापतीमुळे नीट चालता येत नसे, ये-जा घोडागाडीनंच, त्यामुळे घोडे त्यांनी अगदी जवळून पाहिलेले होते. पुस्तक आल्यावर काही महिन्यांतच त्या वारल्या. त्या पुस्तकातला घोडा माणसांचं बोलणं समजतो, ही एक सूट त्यांनी घेतली आहे. पण त्याच्या मानेला होणारा त्रास खऱ्या लगामाचा आहे: घोड्याची मान दिमाखदार दिसावी म्हणून ती वर ओढून धरणारा पट्टा, ज्यामुळे चढावर ओझं ओढताना घोड्याला मान खाली घालून जोर लावता येत नाही. तो पट्टा वापरण्याविरुद्ध लोकमत तयार व्हायला या पुस्तकाचा हातभार लागला. तिथं करुणा आहे, भरपूर आहे, पण ती एका चामड्याच्या पट्ट्यावर येऊन टेकते. पट्ट्यासारखं काही तुमच्याकडे असेल तर प्राण्याला बोलू द्या. नुसतं 'आम्हालाही मन असतं' एवढंच त्याला म्हणायचं असेल तर त्याला गप्प ठेवा.

आणि बोलणार असेल तर त्याच्या इंद्रियांनी बोलू द्या. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग नीट दिसतो, लाल आणि हिरव्यातला फरक त्याला कळत नाही, तेव्हा त्याच्या निवेदनात गवतावरची तांबडी फुलं डोळ्यांत भरता कामा नयेत. मांजराला गोड चव लागतच नाही, त्या चवीसाठी लागणारं जनुक मांजरवंशात निकामी झालेलं आहे. बासुंदीची वाटी चाटून गोडव्यानं तृप्त झालेली मनी कथेत छान दिसते, पण तिला आवडली ती त्यातली स्निग्धता. काळ्या-केशरी ठिपक्यांची मांजरं जवळजवळ सगळ्या मादीच असतात. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यानं तसा बोका हजारोंत एखादा. मांजराच्या सगळ्याच पिल्लांचे डोळे उघडतात तेव्हा निळे असतात, खरा रंग दीड-दोन महिन्यांनी येतो. हे तपशील चुकले तर संपादकाला कळणारही नाही. पण ज्यांच्या घरी मांजर आहे तेच तुमचे वाचक आहेत.

काही चुका मात्र नुसत्या हसण्यावारी नेण्यासारख्या नसतात, विशेषतः मुलांसाठी लिहीत असाल तर. उपाशी, हाडं निघालेला कुत्रा सापडतो, मुलं त्याला पोटभर जेवू घालतात, तो तृप्त होऊन झोपतो, हा प्रसंग मी कितीतरी हस्तलिखितांत वाचला आहे. खूप दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न मिळालं तर रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम झपाट्यानं घसरतं आणि हृदय बंद पडू शकतं. थोडं थोडं, अनेकदा आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचं असतं. हे कथेत आणलं तर प्रसंग कमजोर होत नाही, उलट मुलांना वाट बघावी लागते आणि वाट बघण्यात गोष्ट असते. मांजराला ताप आला म्हणून घरातली पॅरासिटॅमॉल देणारी प्रेमळ आजी लिहू नका. एका गोळीनंही मांजर मरू शकतं. कुत्रा चावला आणि हळद लावून सगळे घरी गेले, असं तर मुळीच नको. जखम साबणानं आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि लगेच रेबीजची लस घ्यायला जायचं, हे कथेतल्या मुलाला माहीत असू दे. जमिनीवर उड्या मारणारं, पिसं फुटलेलं पाखराचं पिल्लू उचलून घरी आणणं हीदेखील बहुतेक वेळा सुटका नसते. ते उडायला शिकत असतं आणि आईबाप वरून बघत असतात. मुलं आपल्या गोष्टींतून हे उचलतात.

आता थोडं कडू. तुमच्या प्रश्नात एक वाक्य होतं, की पिल्लू दारात असताना लिहीत बसणं स्वार्थीपणाचं वाटतं. हे वाटणं मला ओळखीचं आहे आणि माझा त्यावर विश्वास नाही. पिल्लं संपणार नाहीत. जिथं नसबंदी नीट होत नाही तिथं प्रत्येक रिकामी झालेली जागा लगेच भरते. लिहायची भीती वाटते तेव्हा पुढचं पिल्लू घेणं हे फार सोयीचं आणि फार सन्माननीय कारण असतं, कुणी त्याला आळस म्हणत नाही. आणि सांभाळण्याच्या ताकदीबाहेर प्राणी साठत जाणं, ते आजारी पडत असतानाही ते न दिसणं, हा मनाचा एक ओळखलेला आजार आहे. चांगल्या मनाच्या माणसांनाही तो होतो. माझं माप साधं आहे: मला आजारपण आलं तर दोन आठवडे या सगळ्यांना कोण बघेल, याचं उत्तर म्हणून एका खऱ्या माणसाचं नाव सांगता आलं पाहिजे. नाव सांगता येईनासं होतं तिथं माझी संख्या थांबते.

मृत्यूबद्दल फार लिहीत नाही. रेस्क्यूच्या घरात तो वारंवार येतो आणि प्रत्येक वेळी लिहावंसं वाटतं. लिहा, पण वहीत. छापायला देण्याआधी तो मजकूर इतका थंड होऊ द्या की त्यातला एखादा परिच्छेद संपादकानं काढायला सांगितला तर राग येणार नाही. आणि कथेत नायिकेला जाग यावी म्हणून कुत्र्याला मारू नका. वाचक ते ओळखतात, आणि त्या कुत्र्यासाठी माफ करत नाहीत.

पुस्तक करायचं ठरवलंत तर दोन व्यवहाराच्या गोष्टी. दत्तक गेलेल्या प्राण्याबद्दल लिहिताना त्याच्या नव्या घरच्यांना आधी मजकूर दाखवा. प्राणी तुमच्या आठवणीतला असला तरी घर त्यांचं आहे, आणि पहाटे ओरडणाऱ्या बोक्यामुळे त्यांचं शेजाऱ्यांशी झालेलं भांडण छापून यावं असं त्यांना वाटेलच असं नाही. दुसरं, मानधनातला वाटा प्राण्यांसाठी देणार असं पुस्तकावर छापणार असाल तर किती टक्के, कुणाला आणि कधी हे प्रकाशकाशी करार करतानाच लिहून घ्या. 'काही भाग' असं मोघम लिहू नका. वाचक विचारतात, आणि त्यांनी विचारलंच पाहिजे.